आळशी डोळा : दोन डोळ्यांमधली तफावत मोजायची कशी?

आळशी डोळा म्हणजे मेंदू नीट वापरत नाही म्हणून चष्मा लावूनही नजर कमी राहणारा डोळा. सोलापुरात पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं मूल असो की अक्कलकोटहून आलेलं कन्नड बोलणारं, तपासणी ई-तक्त्यावरच होते. ई कुठल्या बाजूला उघडा आहे ते बोटांनी दाखवायचं, त्यामुळे भाषा आड येत नाही. आधी एक डोळा झाकायचा, मग दुसरा. चष्मा लावूनही दोन डोळ्यांत तक्त्यावरच्या दोन ओळींचा फरक राहिला की चांगल्या डोळ्यावर पट्टी. तक्त्याची ही पद्धत १८६२ पासूनची, पट्टी त्याहून शंभरेक वर्षं जुनी.

पण एक डोळा झाकला की जे मोजायचं तेच थांबतं. दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू कमजोर डोळ्याला किती दाबतो, म्हणजे त्याच्या चित्राकडे किती दुर्लक्ष करतो, हे तक्ता सांगूच शकत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चार ठिपक्यांची चाचणी रुळली. उजव्या डोळ्यावर लाल काच, डाव्यावर हिरवी. समोर वर एक लाल ठिपका, बाजूंना दोन हिरवे, खाली एक पांढरा. डावा डोळा दबलेला असेल तर मूल ‘दोन’ म्हणतं, उजवा दबलेला असेल तर ‘तीन’. मेंदूचा हा दाब (डोळ्याच्या आतला दाब नव्हे) आहे की नाही एवढंच त्यातून कळायचं. पुढे चांगल्या डोळ्यासमोर एकेक गडद काच सरकवून दाबाच्या पायऱ्या लावता आल्या.

२००८ च्या सुमारास संगणकावर हलते ठिपके आले. एका दिशेने जाणारे ठिपके एका डोळ्याला, सैरावैरा फिरणारे दुसऱ्याला; दिशा ओळखायची. चांगल्या डोळ्याच्या ठिपक्यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पार्श्वभूमीवरचा उठाव, उतरवत न्यायचा. दोन्ही डोळ्यांचा वाटा सारखा होतो तिथला आकडा ही तफावत. बऱ्याच मोठ्या माणसांचे डोळेही या बिंदूवर एकत्र काम करताना दिसले. मला हे फार मोलाचं वाटतं.

वाद मात्र मिटला नाही. १९८० च्या दशकातल्या मोजणीत नजर जास्त अधू असलेल्यांत दाब कमी निघाला होता. अंधूक चित्र दाबायची गरजच कमी, असा तर्क. २०१० नंतरच्या मोजणीत नेमकं उलट : नजर जितकी अधू, तितका दाब जास्त. चाचण्या वेगळ्या, रुग्णही वेगळे. त्यामुळे कुठल्या चाचणीचा आकडा ते लिहिल्याशिवाय फाइलमधल्या ‘दाब जास्त’ या शेऱ्याला अर्थ नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या ३८५ मुलांवरच्या १६ आठवड्यांच्या उपचार-चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला : रोज तासभर दोन्ही डोळ्यांचा टॅबलेटवरचा खेळ, किंवा दोन तास पट्टी. कमजोर डोळ्याची तक्त्यावरची सरासरी सुधारणा खेळाने १.०५ ओळी, पट्टीने १.३५. म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या उपचाराचा मुख्य निकालसुद्धा एकेक डोळा झाकूनच लागला.