ट्रकचं नेव्हिगेशन वापरण्यापूर्वी: आधी यंत्राला तुमची गाडी सांगा

तुम्ही आमच्याकडून ट्रकसाठीचं नेव्हिगेशन यंत्र घेतलंत किंवा मोबाइलवर ट्रकचं ॲप बसवून घेतलंत. पत्ता टाकला की लगेच रस्ता दिसतो, म्हणून बरेच जण तसेच निघतात. कृपया तसं करू नका. त्या यंत्राला अजून तुमची गाडी ठाऊक नाही. उंची, रुंदी, लांबी, वजन भरलं नसेल, तर तुमच्या वीस टनी गाडीलाही ते कारचाच रस्ता दाखवेल.

ट्रकच्या नकाशात रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला माहिती जोडलेली असते: पुलाखाली किती जागा आहे, पूल किती टन पेलतो, अवजड वाहनांना कुठे आणि कोणत्या वेळी बंदी आहे. ॲप तुमच्या गाडीचे आकडे या आकड्यांशी ताडून पाहतं आणि जिथे गाडी बसत नाही तो तुकडा सोडून पुढचा रस्ता शोधतं. तुमचा आकडा चुकला की पुढचा सगळा हिशोब चुकतो आणि यंत्र त्याबद्दल काहीही बोलत नाही.

उंची

सगळ्यात जास्त घोळ उंचीत होतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. आमच्याकडे सेटिंग तपासायला आलेल्या एका गाडीत उंची १३.१० भरलेली होती. ड्रायव्हरच्या मनात होतं १३ फूट १० इंच. यंत्रानं वाचलं १३.१ फूट, म्हणजे १३ फूट १ इंच. जवळजवळ नऊ इंचांचा फरक! पुलाखाली टप सोलून निघायला तेवढं पुरे. ड्रायव्हर अनुभवी होता, आकडाही त्याला तोंडपाठ होता, चुकलं ते फक्त टिंब. त्यामुळे आधी यंत्र फूट-इंच मागतंय की मीटर, ते बघा. शक्य असेल तर मीटरच ठेवा. १३ फूट १० इंच म्हणजे ४.२२ मीटर.

कागदावरची उंची भरू नका, गाडी मोजा. सपाट जमिनीवर, टायरमध्ये नेहमीची हवा भरून गाडी उभी करा. सगळ्यात उंच जागेवर एक सरळ फळी आडवी, समपातळीत ठेवा आणि तिच्या बाहेर आलेल्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडा. टपावर बसवलेलं एसीचं युनिट, अँटेना, ताडपत्रीच्या दोरीची गाठ हे सगळं उंचीतच धरायचं. रिकामी गाडी स्प्रिंगवर वर उचललेली असते, त्यामुळे भरून जाताना ज्या पुलाखालून सहज गेलात, तिथेच रिकामं परतताना टप घासू शकतो. म्हणून रिकामी आणि भरलेली, दोन्ही मापं घ्या. त्यातलं मोठं माप भरा आणि त्यावर चार इंच जास्त ठेवा.

एवढं करूनही पुलाखालच्या पाटीवर डोळा ठेवावाच लागतो. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की खालची जागा कमी होते, पाटी मात्र जुनीच राहते. कमानीच्या पुलाची पूर्ण उंची फक्त मधोमध मिळते. पुलाखाली रस्ता खोलगट असेल, तर लांब ट्रेलरची पुढची आणि मागची चाकं चढावर असतात आणि मधला भाग पुलाच्या जास्त जवळ येतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहम शहरात एक रेल्वेपूल आहे, त्याच्याखाली पूर्वी ११ फूट ८ इंच जागा होती. आधीपासून पाट्या होत्या, उंच गाडी ओळखून पेटणारे दिवेही लावले, तरी गाड्या धडकतच राहिल्या. शेवटी २०१९ मध्ये पूलच ८ इंच वर उचलला आणि त्यानंतरही गाड्या धडकल्या. पुलापाशी पोहोचल्यावर मागे दुसऱ्या गाड्या असतात, वळायला जागा नसते, घाई असते. त्या पुलाखालून जायचं की नाही, हा निर्णय गाडी सुटण्याआधीच व्हायला हवा.

वजन

एकूण वजनाबरोबर प्रत्येक एक्सलवरचं वजनही भरा. पुलांना आणि रस्त्यांना दोन्हीची मर्यादा असते. एकूण वजन हद्दीत असूनही माल मागे लोटला गेला असेल, तर मागचा एक्सल हद्दीबाहेर जातो. ज्वलनशील किंवा घातक माल असेल, तर तो रकाना रिकामा सोडू नका. काही बोगद्यांतून असा माल न्यायला मनाई असते आणि ॲप तो बोगदा तेव्हाच टाळतं.

उपग्रहाला काय कळतं

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. तुमचं यंत्र कमीत कमी चार उपग्रहांचे संकेत ऐकतं आणि ते पोहोचायला लागलेल्या वेळावरून जागा काढतं. इंटरनेट लागतं ते नकाशा उतरवायला आणि वाहतुकीची खबर मिळायला. म्हणून संपूर्ण मार्गाचा ऑफलाइन नकाशा निघण्याआधीच उतरवून ठेवा.

उघड्या आभाळाखाली मोबाइलची चूक साधारण पाच मीटरची असते. उड्डाणपूल आणि त्याला चिकटून जाणारा सर्व्हिस रोड यांत कधी कधी तेवढंच अंतर असतं. त्यामुळे तुम्ही वर आहात की खाली, हे यंत्राला नीट उमगत नाही आणि ते भलत्याच ठिकाणी वळायला सांगतं. अशा जागी रस्त्यावरची पाटी खरी माना. वळण चुकलं तर घाईनं गाडी वळवू नका. यंत्र लगेच नवा रस्ता काढेल, पण तो अरुंद गल्लीतूनही निघू शकतो. सरळ पुढे जा, रुंद जागा बघून थांबा आणि मग नकाशा पाहा.

फेरीचा हिशोब

समजा ७२० किलोमीटरची फेरी आहे. साधं ॲप कारचा ताशी ७५ चा वेग धरून साडेनऊ तासांच्या आसपास सांगतं. भरलेल्या गाडीची सरासरी ४५ पडली, तर नुसतं स्टिअरिंगवर १६ तास होतात. ते एकट्या ड्रायव्हरचं एका दिवसाचं काम नाही. पार्टीला कारच्या हिशोबानं वेळ कबूल केली, की ती चूक ड्रायव्हर आपल्या झोपेतून भरून काढतो. हे आम्ही वारंवार पाहिलंय आणि म्हणूनच इतकं स्पष्ट लिहितोय.

युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. अमेरिकेत माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. तुमच्याकडचा नियम काय असेल तो ॲपच्या विश्रांतीच्या सेटिंगमध्ये भरा, म्हणजे पोहोचायची वेळ विश्रांती धरूनच दिसेल.

हिशोब माल उतरवायच्या वेळेपासून मागे करत या. रात्रीचा मुक्काम आधी ठरवून तो मार्गात थांबा म्हणून टाका. संध्याकाळी पार्किंगच्या जागा भरत जातात आणि थकलेल्या अवस्थेत जागा शोधत फिरणं हा फेरीतला सगळ्यात धोक्याचा तास असतो. मालकांना विनंती, हा मुक्काम ड्रायव्हरला विचारून ठरवा.

पोहोचायचं ठिकाण टाकताना ऑफिसचा पत्ता घेऊ नका, माल उतरवायच्या फाटकाचं लोकेशन मागा. अक्षांश-रेखांश मिळाले, तर दशांशचिन्हानंतरचे पाच आकडे घ्या. त्यानं जागा साधारण मीटरभर अंतरात सापडते. दोनच आकडे मिळाले, तर फाटक किलोमीटरभर इकडेतिकडे होऊ शकतं आणि शेवटचा तो किलोमीटर लांब गाडी रिव्हर्स घेण्यात जातो.

बसवणं आणि पुढची सेवा

यंत्र काचेवर नजरेच्या आड येईल असं लावू नका. मोबाइल उन्हात तापून बंद पडतो, तेव्हा तो एसीच्या झोतासमोर ठेवलेला बरा. चालत्या गाडीत बटणं दाबायची नाहीत. सोबत क्लीनर असेल, तर ते काम त्याचं.

ट्रेलर बदलला, बॉडी वाढवली किंवा टपावर काही नवं बसवलं, की आकडे पुन्हा भरावे लागतात. एका गाडीला दोन ट्रेलर आलटून पालटून लागत असतील, तर ॲपमध्ये दोन वेगळ्या नोंदी करून त्यांना स्पष्ट नावं द्या. आमच्याकडून सेटिंग करून घ्यायचं असेल, तर गाडी नेहमी जशी रस्त्यावर असते तशीच आणा: ट्रेलर जोडून, ताडपत्री बांधून. गाडीची कागदपत्रं आणि शेवटच्या वजनकाट्याची पावतीही सोबत असू द्या.