डीएनए-बंधक औषधांच्या डॉकिंग पद्धतींची पारख

औषधाचा रेणू डीएनएवर कुठे, कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकाने बांधलेला अंदाज म्हणजे डॉकिंग. तो अंदाज स्फटिकरचनांशी (स्फटिकावर क्ष-किरण टाकून काढलेल्या रेणूंच्या नकाशांशी) आणि प्रयोगांशी ताडून पाहणे ही त्याची पारख.

असे रेणू मुख्यतः दोन तऱ्हांनी बसतात. खानदेशात गोचिडांमुळे बबेसिओसिस होऊन जनावराला तांबडी लघवी होऊ लागली, की गुरांचे डॉक्टर पिवळी पूड पाण्यात विरघळवून टोचतात. ती बहुधा डायमिनाझिन. तिचा किंचित वाकडा रेणू डीएनएच्या अरुंद खोबणीत, अ‍ॅडेनीन-थायमिनच्या (डीएनएतल्या ए-टी या अक्षर-जोड्यांच्या) पट्ट्यात चपखल बसतो. कर्करोगावरचे डॉनोरुबिसिन मात्र थेट अशा जोड्यांच्या थरांत शिरते, कळण्याच्या भाकरींच्या चवडीत कागद सरकवावा तसे. थरांमधले अंतर ३.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), रेणू शिरायचा तर ते जवळजवळ दुप्पट व्हावे लागते आणि पीळही थोडा सुटावा लागतो.

गोम इथेच आहे. नेहमीच्या डॉकिंगमध्ये डीएनए ताठ धरलेला असतो, आणि बहुतेक जण १९८१ साली प्रसिद्ध झालेली बारा जोड्यांची रचना (सीजीसीजीएएटीटीसीजीसीजी) उचलतात. तिच्यात थरांमध्ये फट नाहीच. मग कोणताही रेणू द्या, उत्तर ‘खोबणीत बसला’ असेच येणार! शिरपूर-जळगावकडे एम.फार्म.चा प्रबंध लिहिणाऱ्याने सोबत घट्टपणाचा ‘उणे नऊ किलोकॅलरी’ असा आकडा छापला, तरी तो पुरावा ठरत नाही. फट असलेली रचनाही घेऊन दोन्हींवर डॉकिंग करावे लागते.

पारखीची रूढ रीत सोपी आहे: स्फटिकातला रेणू काढायचा, पुन्हा बसवायचा आणि मूळ जागेपासून तो किती सरकला ते मोजायचे. दोन अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर पद्धत पास. २००८ च्या एका अभ्यासात डॉनोरुबिसिन, एलिप्टिसिन, डिस्टामायसिन आणि पेंटामिडिन यांच्यावर ऑटोडॉक आणि सरफ्लेक्स हे डॉकिंगचे दोन प्रोग्राम या कसोटीला उतरले. पण जागा बरोबर सापडली म्हणजे घट्टपणाचा आकडाही बरोबर, असे नाही. हा आकडा काढणारी गुणांकनाची सूत्रे बहुतांशी प्रथिनांवर बेतलेली. डीएनएच्या फॉस्फेटांचा दाट ऋणभार, भोवतीचे आयन आणि खोबणीतली पाण्याची रांग त्यांना नीट पेलत नाही.

म्हणून शेवटी परीक्षानळीकडे यावे लागते. वासराच्या थायमस ग्रंथीतल्या डीएनएच्या द्रावणात रेणू मिसळून दाटपणा मोजतात. थरांत शिरणाऱ्याने डीएनए लांबतो आणि दाटपणा वाढतो. खोबणीत बसणाऱ्याने तो फारसा हलत नाही.