१.३८ व्होल्टचा संपलेला सेल

टॉर्च लागत नाही, सेल काढून मल्टीमीटर (व्होल्टेज, करंट मोजणारं यंत्र) लावला तर १.३८ व्होल्ट. मग ‘सेल चांगलाच आहे, दोष टॉर्चचा’ असं सर्रास ठरवलं जातं. बहुतेकदा ते चुकतं. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे मीटर सेलमधून एका मायक्रोअँपिअरचा जेमतेम सातवा हिस्सा करंट घेतो. तेवढं शेवटच्या घटका मोजणारा सेलही देतो. टॉर्चच्या बल्बला मात्र ०.३ अँपिअरच्या आसपास लागतो, म्हणजे वीस लाख पटींहून जास्त.

सेलच्या पोटातही रोध असतो. म्हणून बाहेर मिळणारं व्होल्टेज = मूळ व्होल्टेज − (करंट × अंतर्गत रोध). हा रोध भौतिकशास्त्रज्ञ गेऑर्ग ओहमलाही नडला होता. त्याने आधी रासायनिक घट वापरले, पण प्रयोग चालू असतानाच त्यांचं व्होल्टेज सरकायचं. पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्याने बिस्मथ-तांब्याचं तापयुग्म (सांध्यांच्या तापमानातल्या फरकातून व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी) घेतलं, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात, आणि आकडे स्थिरावले. १८२६ च्या त्याच्या सूत्रात बाहेरच्या तारेच्या रोधात एक न बदलणारी संख्या मिळवलेली आहे: उगमासकट उरलेल्या परिपथाचा रोध. शाळेत पोचेपर्यंत ती गळाली.

अंतर्गत रोध घरी मोजता येतो. एए आकाराच्या अल्कलाइन सेलसाठी ४.७ ओहम, १ वॉटचा रेझिस्टर घ्या. जवळपास अर्धा वॉट उष्णता होते, त्यामुळे पाव वॉटवाला पोळतो. आधी लोडशिवाय, म्हणजे सेलला काहीही न जोडता, व्होल्टेज नोंदवा, मग रेझिस्टर जोडून दोन सेकंदांत पुन्हा. दोन्हींतला फरक लोडवरच्या व्होल्टेजने भागा आणि ४.७ ने गुणा. नवा सेल १.५८ वरून १.५२ वर आला, तर रोध ०.१९ ओहम. वरचा १.३८ चा सेल ०.९२ वर कोसळला, तर २.३५ ओहम. मीटरच्या पिना थेट सेलच्या टोकांना टेकवा. होल्डरची गंजकी स्प्रिंग सहज ०.१ ओहम खाते, आणि तो दोष सेलच्या माथी बसतो. मीटर चुकूनही अँपिअरच्या जागी ठेवून सेलला लावू नका, ते शॉर्ट सर्किटच.

रेझिस्टर तसाच ठेवला तर खरी गंमत दिसते. आकडा आधी एकदम पडतो, मग सावकाश घसरत राहतो. पहिली पडझड मुख्यतः साध्या रोधाची. पुढची घसरण रसायनाची. करंट वाहताना जस्ताच्या भुकटीपाशी हायड्रॉक्साइड आयन खर्च होतात आणि झिंकेट (जस्ताचे विरघळलेले आयन) साचतं. पलीकडे मँगनीज डायऑक्साइडच्या कणांत प्रोटॉन शिरतात, पण गाभ्यापर्यंत झिरपायला त्यांना वेळ लागतो, त्यामुळे पृष्ठभाग आधी भरतो. व्होल्टेज ठरतं पृष्ठभागावरच्या परिस्थितीवरून, कणाच्या सरासरीवरून नाही. म्हणजे आतलं बरंच द्रव्य शिल्लक असतानाही सेल थकल्यासारखा वागतो. लोड काढला की व्होल्टेज झटक्यात थोडं चढतं, आणि पुढे काही मिनिटं, कधी तासन्‌तास, आयन समपातळीला येतील तसं हळूहळू वाढत जातं.

उतरलेले सेल उन्हात ठेवून ‘चार्ज’ करण्याचं गुपित हेच. विश्रांतीने आयन पसरतात, उबेने रोध थोडा उतरतो. सूर्याकडून ऊर्जा मात्र कणभरही जमा होत नाही, उलट सेल गळायची शक्यता वाढते.

एकसरीत, म्हणजे सेल एकापुढे एक जोडलेले असताना, करंट सगळ्यांतून सारखाच जातो. नव्या सेलांसोबत एक जुना घातला, तर जोरदार लोडखाली त्याच्या टोकांवरचं व्होल्टेज शून्याखाली, म्हणजे उलटं होऊ शकतं. असे सेल गळतात.

छोट्या रोबोची मोटर सुरू होताच त्याच सेलांवर चालणारा मायक्रोकंट्रोलर (रोबो चालवणारी चिप) रीसेट होतो, तेव्हा दोष प्रोग्रॅमला दिला जातो. चार जुन्या सेलांचा मिळून ४ ओहम रोध आणि सुरू होतानाच्या मोटरचाही ४ ओहम धरला, तर ५.६ व्होल्टचे २.८ उरतात. कपॅसिटर (थोडा विद्युतभार साठवणारा भाग) लावूनही भागत नाही: १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १ अँपिअर देताना दर मिलिसेकंदाला १ व्होल्ट गमावतो, आणि मोटरला वेग घ्यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. मोटरला वेगळे सेल द्या आणि दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोकं एकमेकांना जोडा.