लाकडाची न दिसणारी धूळ

घराच्या गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये हौसेने सुतारकाम करणारी मंडळी काम आटोपले की जमिनीवरचा भुसा झाडून घेतात आणि जागा स्वच्छ झाली असे मानतात. वास्तविक रंध्याच्या ढलप्या आणि करवतीचा जाड भुसा जड असल्याने लगेच खाली बसतो आणि नाकापर्यंत फारसा पोहोचत नाही. खरा प्रश्न पॉलिश पेपरने, त्यातही विजेच्या सँडरने घासताना उडणाऱ्या बारीक कणांचा आहे. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने उतरतो, म्हणजे दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला आठ-नऊ मिनिटे लागतात; १ मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी बारा तासांच्या आसपास वेळ लागतो. छताचा पंखा चालू असेल किंवा कोरडा झाडू फिरवला, तर बसलेली धूळही पुन्हा वर उठते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. १९६०च्या दशकात इंग्लंडमधील हाय विकम परिसरातील फर्निचर कामगारांत नाकाच्या पोकळ्यांचा एक विरळा कर्करोग वारंवार आढळला होता, आणि मोठे कण बहुतांशी नाकातच अडकतात हे पाहता त्याची जागा समजण्यासारखी आहे. ते कामगार वर्षानुवर्षे रोज धुळीत राबत असत; रविवारी तासभर घासणाऱ्याचा धोका त्यांच्याइतका नाही. मात्र दमा आणि त्वचेची ॲलर्जी कमी संपर्कातही जडू शकते, आणि आपल्याकडे आवडीने वापरल्या जाणाऱ्या सागवान व शिसवातील क्विनोन वर्गाची रसायने विशेषतः त्वचेच्या ॲलर्जीसाठी प्रसिद्ध आहेत.

धूळ ओढून घेण्याचे तंत्र मात्र अनेकांच्या अंदाजाबाहेरचे आहे. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकरीने विझते, पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवता येत नाही, कारण ओढली जाणारी हवा सर्व बाजूंनी येते. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतक्या अंतरावर हवेचा वेग तोंडापाशी असतो त्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास उरतो. त्यामुळे कोपऱ्यात व्हॅक्यूम क्लीनर ठेवून काहीच साधत नाही. भोके असलेला पॉलिश पेपर सँडरच्या भोकांशी बरोबर जुळवून लावावा आणि नळी थेट सँडरलाच जोडावी. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) नसेल, तर बारीक धूळ मागून पुन्हा खोलीतच येते. सँडर आणि व्हॅक्यूमच्या मध्ये सायक्लोन (हवा गरगर फिरवून जड कण वेगळे करणारे भांडे) जोडल्यास जाड भुसा डब्यात पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही, पण अतिसूक्ष्म कण सायक्लोनमधून निसटतातच.

खिडकीत बाहेर तोंड केलेला पंखा लावून समोरचे दार उघडे ठेवावे आणि जमीन ओल्या फडक्याने पुसावी. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवाच, रुमालाने बारीक धूळ अडत नाही. आणि सँडर बंद झाल्यावर लगेच मास्क काढण्याची सवय, कणांच्या वेगाचा वरचा हिशेब पाहता, चुकीची आहे.