भयगंड आणि नैराश्य

भयगंड आणि नैराश्य हे जगभर मोठ्या प्रमाणावर आढळणारे मानसिक आजार आहेत. एखादी वस्तू, प्राणी, जागा किंवा प्रसंग यांची प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फार मोठी आणि महिनोन्‌महिने टिकणारी भीती म्हणजे भयगंड. मन सतत खिन्न राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे, आणि त्यापायी झोप, भूक, काम, नाती यांची घडी विस्कटणे म्हणजे नैराश्य. वैद्यकीय वर्गीकरणात पहिला आजार चिंताविकारांत आणि दुसरा भावविकारांत मोडतो. पण पुष्कळदा दोन्ही एकाच माणसात सापडतात आणि ते टिकून राहण्याची रीतही मिळतीजुळती आहे. भयगंडाचा रुग्ण भीतीची गोष्ट टाळत जातो, नैराश्याचा रुग्ण एकेका गोष्टीतून अंग काढून घेतो. टाळल्याने क्षणभर बरे वाटते आणि आजार मुरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे २८ कोटी लोकांना नैराश्य होते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, साधारण २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेल्याचे दिसले. नैराश्य, चिंता यांसारखे सर्वसामान्य मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना कोणताच उपचार मिळत नव्हता. सर्वेक्षणाच्या या दोन आकड्यांतला दुसरा अधिक अस्वस्थ करणारा आहे, कारण हे आजार बरे होणारे आहेत.

भयगंड

सापाला घाबरणे हा आजार नव्हे. शेतात राबणाऱ्याने सापाला घाबरायलाच हवे. पण भिंतीवर पाल दिसली म्हणून रात्रभर स्वयंपाकघरात पाऊल न टाकणे, लिफ्ट नको म्हणून रोज आठ मजले चढणे, विमानात बसावे लागेल म्हणून बढती नाकारणे, अशा रीतीने भीती माणसाच्या वतीने निर्णय घेऊ लागली की ती आजार ठरते. निदानासाठी ती साधारण सहा महिने तरी टिकलेली असावी लागते. भीतीची गोष्ट समोर येताच छाती धडधडते, घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते, पाय लटपटतात. आपली भीती अवाजवी आहे हे बहुतेक प्रौढ रुग्णांना पक्के ठाऊक असते. ‘कळतं पण वळत नाही’ हे ते स्वतःच सांगतात, म्हणून ‘त्यात घाबरण्यासारखं काय आहे?’ या प्रश्नाचा त्यांना काडीचा उपयोग नसतो.

प्राणी, उंची, अंधार, वीजवादळ यांच्या भीतीची सुरुवात बहुधा बालपणी होते. समाजभय पौगंडावस्थेत डोके वर काढते. वर्गात उभे राहून वाचणे, पंगतीत सगळ्यांदेखत जेवणे, बँकेत कारकुनासमोर सही करणे यांत आपले हसे होईल या धास्तीने मुलगा किंवा मुलगी मागे मागे राहते. घरचे त्याला ‘लाजाळू स्वभाव’ म्हणतात आणि वर्षे निघून जातात. पुढे चारचौघांत जाण्याआधी धीर यावा म्हणून दारूचा आधार घेणारेही कमी नाहीत. तिसरा प्रकार म्हणजे जिथून चटकन बाहेर पडता येणार नाही अशा जागांचे भय: भरलेली लोकल, एसटी, जत्रा, लांबलचक रांग. याच्या मुळाशी अनेकदा अचानक आलेला तीव्र घबराटीचा झटका असतो. हा झटका हृदयविकाराच्या झटक्यासारखा भासतो. रुग्ण धावत दवाखाना गाठतो, ईसीजी नॉर्मल येतो, ‘तुम्हाला काहीही झालेलं नाही’ असे सांगून घरी पाठवले जाते. हृदयाला काही झालेले नसते हे खरे, पण माणसाला काहीही झालेले नसते हे खरे नव्हे.

रक्त आणि इंजेक्शन यांची भीती या सगळ्यांहून वेगळी आहे. इतर भयगंडांत रक्तदाब वाढतो आणि सहसा कोणी बेशुद्ध पडत नाही. इथे रक्तदाब आणि नाडी आधी वाढतात आणि मग एकदम कोसळतात, त्यामुळे रुग्णाला खरोखर घेरी येते. ही प्रवृत्ती घराण्यात चालत आलेली दिसते. अशा माणसाला ‘अंग सैल सोड’ हा नेहमीचा सल्ला देणे चुकीचे आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात नेमकी उलट पद्धत रूढ केली. हात, पाय, पोट यांचे स्नायू १०-१५ सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत आवळून धरायचे, मग ताण थोडा कमी करायचा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा आवळायचे. त्याने रक्तदाब वर राहतो आणि घेरी टळते. इंजेक्शन देताना मात्र ज्या दंडात सुई जाणार तो हात सैल ठेवायचा. इंजेक्शनच्या भीतीने मधुमेहाची किंवा गरोदरपणाची तपासणी टाळणाऱ्यांसाठी ही युक्ती मोलाची आहे.

भीती शिकली जाते हे जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी १९२०मध्ये अमेरिकेत दाखवले. सुमारे ११ महिन्यांच्या एका बाळासमोर पांढरा उंदीर ठेवून त्याच वेळी मोठा आवाज केला, असे काही वेळा केल्यावर बाळ नुसत्या उंदरालाही घाबरू लागले. आजच्या नैतिक नियमांत हा प्रयोग बसणारच नाही. चारच वर्षांनी मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला आवडीचा खाऊ देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला आणि ती भीती घालवली. या दुसऱ्या कामाची आठवण कमी काढली जाते, खरे तर उपचाराची वाट त्यातूनच निघाली. अर्थात प्रत्येक भयगंडामागे असा प्रसंग सापडतोच असे नाही. आईला पालीवरून किंचाळताना पाहून मूलही किंचाळायला शिकते. आनुवंशिकतेचाही वाटा असतो.

सर्वांत परिणामकारक उपचार म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरे जाणे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्प यांनी १९५८मध्ये त्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली. पालीचेच उदाहरण घेतले, तर रुग्ण आणि उपचारक मिळून भीतीची उतरंड लिहितात आणि प्रत्येक पायरीला शंभरपैकी गुण देतात. ‘पाल’ हा शब्द कागदावर लिहिणे, मग चित्र, फोटो, सरपटणाऱ्या पालीची चित्रफीत, नंतर समोरच्या भिंतीवरची खरी पाल दारातून पाहणे, खोलीत येणे, तिच्यापासून हातभर अंतरावर उभे राहणे. प्रत्येक पायरीवर भीती चढते आणि पळून न गेल्यास आपोआप उतरते. हे उतरणे रुग्णाने स्वतः अनुभवले की पुढची पायरी जमते. मधूनच पळ काढला तर मात्र ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढाच धडा मनात राहतो. विशिष्ट वस्तूंच्या भयगंडात दोन-तीन तासांच्या एकाच दीर्घ बैठकीतही अनेकांना चांगला फरक पडतो. गोळ्यांचे इथे फारसे काम नाही. समाजभय आणि घबराटीचे झटके यांत त्या उपयोगी पडतात. अल्प्राझोलामसारख्या झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या मनाने घेऊ नयेत.

नैराश्य

दुःख झाले की नैराश्य आले असे होत नाही. जवळचे माणूस गेल्यावर येणारा शोक लाटांसारखा येतो आणि ओसरतो. मधूनच माणूस हसतो, आठवणी सांगतो, स्वतःला कवडीमोल समजत नाही. नैराश्यात किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच काळ खिन्नता असते किंवा रस आटलेला असतो. जोडीला झोप आणि भूक बिघडणे, थकवा, हालचाल मंदावणे किंवा जिवाची तगमग, लक्ष न लागणे, अपराधीपणा, मरणाचे विचार यांपैकी काही लक्षणे असतात. पहाटे तीन-चारला जाग येऊन नको ते विचार घोळत राहणे ही तीव्र नैराश्याची जुनी, विश्वासार्ह खूण आहे. दवाखान्यांत पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. तिचे गुण ० ते २७ असतात, १० किंवा अधिक गुण आल्यास नीट तपासणी करावी लागते.

आपल्याकडे ‘मला नैराश्य आलंय’ असे सांगत फार थोडे लोक डॉक्टरकडे जातात. अंग मोडून येतं, डोकं जड झालंय, हातापायांची आग होते, अन्न गोड लागत नाही, अशाच तक्रारी असतात. गोव्यातल्या संशोधनात, अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या अनेक स्त्रियांच्या त्रासामागे जंतुसंसर्गापेक्षा नैराश्य, चिंता आणि घरातला जाच असल्याचे दिसून आले. या स्त्रियांना वर्षानुवर्षे अँटिबायोटिक गोळ्या मिळत राहतात. पुरुषांत नैराश्य चिडचिड आणि दारूच्या आड लपते, वृद्धांत विसराळूपणाच्या, मुलांत शाळेत न जाण्याच्या हट्टाच्या आड. शरीराच्या तक्रारी ढोंग नसतात. दुखणे खरेच दुखत असते, आणि डॉक्टरने झोपेविषयी आणि मनाविषयी दोन प्रश्न जास्त विचारले तर त्याचे मूळ सापडते. उलट बाजूने थायरॉइडची कमतरता, ॲनिमिया किंवा ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची उणीव नैराश्यासारखी दिसू शकते, म्हणून रक्ततपासणी आवश्यक असते. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेविना धावपळीचा काळ येऊन गेला आहे का, हेही विचारावेच लागते, कारण द्विध्रुवी आजारात नुसत्या नैराश्यविरोधी गोळ्यांनी प्रकृती बिघडू शकते.

आनुवंशिकता, बालपणीची हेळसांड किंवा छळ, दीर्घ आजार, कर्ज, बेरोजगारी, नवऱ्याची मारहाण अशी कारणे एकात एक गुंतलेली असतात. गोव्यात झालेल्या आणि २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ टक्के मातांना बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांत नैराश्य असल्याचे आढळले. गरिबी, नवऱ्याकडून होणारी हिंसा आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे यांनी धोका वाढत होता. ‘बाळंतिणीला रडू येतंच’ म्हणून हे सोडून देणे आई आणि बाळ दोघांनाही महागात पडते.

नैराश्यविरोधी औषधांचा शोध अपघाताने लागला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला क्षयरोगासाठी दिलेल्या इप्रोनियाझिडने रुग्णांची मनःस्थिती उजळल्याचे दिसले. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ रोलंड कुन यांना इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरचा गुण आढळला. फ्लुऑक्सेटिन या नैराश्यविरोधी औषधाला १९८७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ‘मेंदूत सेरोटोनिन हे रसायन कमी झाले की नैराश्य येते’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण फारच ढोबळ आहे, संशोधनाचा त्याला भक्कम आधार नाही. मध्यम आणि तीव्र नैराश्यात ही औषधे उपयोगी पडतात हे मात्र सिद्ध झालेले आहे. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पोटाचा त्रास किंवा अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवते, आणि त्यामुळे पुष्कळ जण नेमके चुकीच्या वेळी औषध सोडतात. बरे वाटू लागल्यावरही ती साधारण सहा महिने चालू ठेवावी लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात.

बोलण्याचे उपचार सौम्य आणि मध्यम नैराश्यात औषधांच्या बरोबरीचे ठरतात. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात नकारात्मक विचार तपासून बदलायला शिकवणारी बोधात्मक उपचारपद्धती घडवली. त्याआधी, १९५०च्या दशकात, अल्बर्ट एलिस यांनी अविवेकी समजुती बदलण्यावर भर देणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली होती, आणि महाराष्ट्रात ती बऱ्यापैकी रुजली. पण प्रशिक्षित मानसोपचारक आहेत तरी किती? या प्रश्नाला गोव्याने दिलेले उत्तर मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये स्थापन केलेल्या ‘संगथ’ संस्थेने स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक बनवले. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांचा सहभाग होता. अशा समुपदेशकांकडून ६ ते ८ बैठकी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी आजारातून बाहेर आले होते, केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

या बैठकी अर्ध्या-पाऊण तासाच्या असतात. समुपदेशक उपदेश करत नाही. आजकाल काय काय बंद झालंय, हे विचारतो. उत्तरे साधी असतात: भजनाला जाणे सोडले, बहिणीचा फोन उचलत नाही, परसातल्या झाडांना पाणी घालत नाही. त्यातले एकच काम निवडून पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाबरोबर करायचे हे ठरते. मन लागल्यावर करू असे म्हणत बसले तर ते काम होतच नाही, म्हणून आधी कृती आणि मागाहून मन, असा क्रम ठेवतात. पुढच्या भेटीत काय जमले, काय नाही आणि का नाही, यावर बोलणे होते. भयगंडातल्या उतरंडीचेच तत्त्व इथेही आहे: ज्या ज्या ठिकाणांहून माणूस मागे सरला, तिथे त्याला छोट्या पावलांनी परत न्यायचे.

शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने हीच वाट धरली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. कर्ज आणि नापिकी समुपदेशनाने मिटत नाहीत, आणि तसा दावा कोणी करूही नये.

मदत आणि कायदा

ग्रामीण भागात पहिली धाव अजूनही अनेकदा देवऋषी किंवा भगताकडे असते. नुसत्या अंगाऱ्याने नुकसान होत नाही, उपचार लांबले की होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे ठरले आहेत. सुशिक्षित घरांत ‘मनाने खंबीर हो’ हा सल्ला तितकाच आडवा येतो. नैराश्याचा रुग्ण आधीच स्वतःला दोष देत असतो, आणि या वाक्याने त्या दोषावर घरच्यांचे शिक्कामोर्तब होते. रुग्ण मरणाची भाषा करत असेल, निरवानिरव करू लागला असेल, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येतो ही समजूत चुकीची आहे. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशके आणि गोळ्यांचा साठा हाताशी ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा हक्क मानला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे असे सांगतो. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीला मनोविकार संस्था आहे. सामान्य भयगंड-नैराश्यासाठी तिथपर्यंत जाण्याची सहसा गरज पडत नाही. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग पुरतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.