ज्येष्ठांचा डोंगर-प्रवास: एका मुक्कामाची भटकंती आणि मुक्काम हलवणारा ट्रेक

'ज्येष्ठांसाठी खास हिमालय ट्रेक, सोबत अनुभवी गाइड, सात दिवस सहा रात्री' या एकाच मथळ्याखाली दोन अगदी वेगळ्या सहली विकल्या जातात. एकीत डोंगरातल्या एखाद्या गावात, होमस्टेत किंवा छोट्या हॉटेलात सामान टाकायचं, रोज सकाळी गाइडबरोबर पायदळ निघायचं आणि संध्याकाळी त्याच खोलीत परत यायचं. दुसरीत आजचा मुक्काम इथे, उद्याचा पुढच्या कुरणात आणि परवाचा त्याच्याही वर. जाहिरातीतले फोटो दोन्हीकडे सारखेच असतात: देवदार, मागे बर्फ, हातात काठ्या घेतलेली हसरी मंडळी.

नागपूरच्या सेमिनरी हिल्सला सकाळी फिरणाऱ्यांमध्ये हा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "चढ किती आहे हो?" प्रश्न बरोबरच आहे, पण त्याआधी आणखी एक विचारायला हवा: तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला असेल तर माझं काय होणार? पहिल्या प्रकारात उत्तर सोपं आहे. तुम्ही व्हरांड्यात ऊन खात बसाल, बाकीचे जाऊन येतील, चौथ्या दिवशी तुम्ही पुन्हा त्यांच्यात. दुसऱ्या प्रकारात तंबू गुंडाळले जातात, स्वयंपाकी पुढे निघतो आणि मागे राहायला जागाच नसते. मग पुढे तरी चालायचं, नाहीतर एक गाइड सोबत घेऊन परत उतरायचं आणि तिथे सहल संपते. म्हणजे दिवस सोडायची मुभा एकीकडे आहे, दुसरीकडे नाही. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

एकाच उद्यानाचं उदाहरण घेऊ, म्हणजे तुलना नीट होईल. हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातलं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क 2014 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. नागपूरहून दिल्लीपर्यंत रेल्वे किंवा विमान, तिथून चंदीगड-मनाली महामार्ग. कुल्लूच्या अलीकडे औटचा बोगदा लागतो, तिथे महामार्ग सोडायचा आणि लारजी, बंजारवरून तीर्थन नदीच्या काठाने गुशैणी गाठायचं. गुशैणीची उंची साधारण 1,500 मीटर आहे. आपलं नागपूर 310 मीटरवर. तरी इथे पहिल्या रात्री कोणाला श्वासाचा त्रास होईल असं सहसा होत नाही.

आता गुशैणीत किंवा आसपास मुक्काम ठेवला तर एक दिवस उद्यानाच्या दिशेने नदीकाठची वाट चालायची आणि वाटेल तिथून मागे फिरायचं. दुसऱ्या दिवशी गाडीने जालोडी खिंडीत जायचं (3,120 मीटर) आणि तिथून सेरोलसर तलावापर्यंत सुमारे 5 किलोमीटर चालायचं. ही वाट ओक आणि देवदाराच्या जंगलातून, फार चढउतार न करता जाते. तलावाकाठी बूढी नागिणीचं देऊळ आहे. एक पक्षी तलावात पडलेलं प्रत्येक पान उचलून नेतो म्हणून पाणी इतकं स्वच्छ राहतं, असं तिथले लोक सांगतात. पचमढीच्या नागद्वारला जाणाऱ्या आपल्या विदर्भातल्या माणसाला हे नागिणीचं ठाणं परकं वाटत नाही, हे मी पाहिलं आहे. जालोडीच्या दुसऱ्या अंगाला रघुपूर गढ आहे. तिथली वाट छोटी पण चढाची, म्हणून गटातल्या दमदार लोकांना तिकडे पाठवता येतं आणि बाकीचे तलावावर जातात. संध्याकाळी सगळे एकाच टेबलावर जेवतात.

याच गुशैणीहून मुक्काम हलवत निघालात तर चित्र पालटतं. वनखात्याचा परवाना घ्यायचा, पोर्टर सोबत घ्यायचे, पहिला मुक्काम रोल्लाला. ते साधारण 2,100 मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी शिल्टला, म्हणजे एका दिवसात जवळजवळ हजार मीटरचा चढ. तिथून पुढे खरं उंचावरचं जंगल आणि कुरणं. मोनाल हा रंगीत पक्षी दिसण्याची, आणि नशीब जोरावर असेल तर जुजुराणा हा दुर्मिळ पक्षी दिसण्याची आशा इथे असते. हे पाहण्यासारखं आहे याबद्दल वाद नाही. पण गुशैणी सोडल्यावर पुढे गाडीरस्ता नाही, मोबाइल चालेल याचा भरवसा नाही आणि पाय मुरगळला तर माणसाला उचलूनच खाली आणावं लागतं.

झोपायची उंची

उंचीबद्दल आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: जितकं वर जाल तितका त्रास. शरीराच्या दृष्टीने दिवसा कुठवर चढलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात हे जास्त महत्त्वाचं असतं. डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला असा की 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी. जालोडीला जाऊन आलेला माणूस 3,120 मीटरवर चालतो, पण झोपतो 1,500 वर. शिल्टला पोचलेला माणूस त्याच उंचीवर झोपतो आणि दुसऱ्या दिवशी त्याहून वर निघतो. नकाशावर दोघांनी गाठलेली उंची सारखी, शरीरावरचा ताण मात्र वेगळा.

वय जास्त म्हणून उंचीचा त्रास जास्त होतोच असं नाही. तरुण मुलं जोशात भराभर चढतात आणि डोकं धरून बसतात, साठीतली माणसं सावकाश चढतात आणि ठणठणीत राहतात, असंही होतं. ज्येष्ठांना जपायचं असतं ते आधीपासूनच्या दुखण्यांमुळे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर उंचीचा विचार तज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यात वयाबरोबर तहान कमी लागायला लागते, म्हणून पाणी कमी पडलेलं लक्षातच येत नाही. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या गोळ्या, घेणाऱ्याची नाडी चढावरही फारशी वाढत नाही, त्यामुळे मनगटावरचं घड्याळ बघून 'मी आरामात आहे' असं ठरवणं चुकीचं ठरतं. त्यापेक्षा चालताना शेजारच्याशी सलग बोलता येतंय का ते बघावं. दोन शब्दांनंतर थांबावं लागत असेल तर वेग कमी करावा. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणं ही उंची लागल्याची लक्षणं आहेत. ती दिसली तर वर चढायचं नाही आणि वाढत असतील तर खाली उतरायचं. आणि उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी शेजाऱ्याने दिली म्हणून कोणी घेऊ नये; ती आपल्या इतर औषधांबरोबर चालते का हे आपल्या डॉक्टरलाच विचारावं.

रात्री दोन वाजता

माहितीपत्रकात न लिहिलेली पण ज्येष्ठांसाठी सगळ्यात खरी गोष्ट म्हणजे रात्रीची लघवी. साठी ओलांडलेल्या पुरुषाला रात्री दोन-तीनदा उठावं लागणं सामान्य आहे, बायकांचीही अडचण असतेच. खोलीत हे काम दोन मिनिटांचं. तंबूत आधी स्लीपिंग बॅगची चेन उघडायची, जमिनीवरून गुडघ्यांवर जोर देऊन उठायचं, हेडटॉर्च शोधायचा, तंबूची चेन, मग बाहेरची चेन, दवाने गार पडलेल्या बुटांत पाय घालायचे, आणि दगडधोंड्यांतून टॉयलेट टेंटपर्यंत जायचं. हे टाळायला लोक संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं. ते उंचीमुळे की पाण्यामुळे, तेही मग कळत नाही. तंबूत राहू नये असं माझं म्हणणं नाही. पण त्याआधी घरच्या फरशीवर चटई टाकून दोन रात्री झोपून बघा आणि हाताचा आधार न घेता उठता येतं का ते पाहा.

8 किलोमीटर म्हणजे किती?

अंबाझरीला रोज 6 किलोमीटर चालणारा माणूस '8 किलोमीटर' वाचून निर्धास्त होतो. सपाट रस्त्यावरचे किलोमीटर आणि डोंगरातले किलोमीटर एकाच मापाचे नसतात. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली सांगितलेला एक ठोकताळा आजही वापरतात: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि त्याशिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे 8 किलोमीटर वाटेत 800 मीटर चढ असेल तर न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसालाही जवळजवळ तीन तास. थांबत, फोटो काढत, धापा टाकत जाणाऱ्या ज्येष्ठांच्या गटाला पाच तास सहज लागतात. म्हणून आयोजकाकडून अंतराबरोबर रोजचा चढ आणि उतार मीटरमध्ये मागावा. एका मुक्कामाच्या सहलीत तो दिवसागणिक वेगळा असू शकतो आणि अवघड दिवस गाळता येतो. हलत्या मुक्कामात सगळ्यात अवघड दिवस हाच तुमचा दिवस, कारण तो पार केल्याशिवाय जेवण आणि अंथरूण मिळत नाही.

गोंधळात पाडणारी दोन ठिकाणं

उत्तराखंडातलं व्हॅली ऑफ फ्लॉवर्स ऐकायला मोठा ट्रेक वाटतं. प्रत्यक्षात त्या राष्ट्रीय उद्यानात रात्री राहायला परवानगीच नाही. गोविंदघाटहून घांघरियाला चढायचं, तिथे मुक्काम ठेवायचा आणि रोज दरीत जाऊन संध्याकाळच्या आत परत यायचं. म्हणजे घांघरियाला पोचल्यावर ती एका मुक्कामाचीच सहल होते. मात्र घांघरिया 3,000 मीटरच्या थोडं वर आहे, तेव्हा पहिल्या रात्रीची काळजी घ्यावीच लागते. घांघरियापर्यंत खच्चर मिळतं, दरीच्या आत खच्चर जात नाही. 'चालवलं नाही तर घोडा करू' या भरवशावर जाणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

दुसरं ठिकाण आपलं जवळचं, पचमढी. कित्येक नागपूरकर म्हणतात, "मी नागद्वार केलंय, मला काय हिमालयाचं!" नागपंचमीच्या आसपास थोडे दिवस उघडणारी ती वाट, पावसातल्या निसरड्या शिळा, चढउतार, ते ज्याने केलं त्याच्या पायांबद्दल मला आदर आहे. महाशिवरात्रीला 'हर बोला हर हर महादेव' म्हणत चौरागडाच्या 1,300च्या आसपास पायऱ्या चढणाऱ्यांबद्दलही तसंच. पण सातपुड्याचं सगळ्यात उंच शिखर धूपगड 1,350 मीटरचं, गुशैणीच्याही खाली. उंचीची परीक्षा पचमढीत होत नाही. शिवाय यात्रेत भक्ती ओढून नेते, पुढेमागे हजारो लोक असतात आणि दमलं की चहाची टपरी असते. याउलट गुडघ्यांची, तोलाची आणि सलग चालण्याची परीक्षा मात्र पचमढीत खरी होते. म्हणूनच हिमालयाआधी दोन-तीन दिवस पचमढीला मुक्काम ठेवून धूपगड आणि चौरागड पायदळ करून यावं असं मी आग्रहाने सांगतो. तिथे जमलं नाही तर गाडी करून रात्रीपर्यंत घरी येता येतं.

गाइड

दोन्ही प्रकारांत गाइड असतो, कामात फरक असतो. एका मुक्कामाच्या गटात दोन गाइड असले तर गट फोडता येतो, जोरकस लोक वर आणि बाकीचे खालच्या वाटेने. एकच गाइड असेल तर सगळ्यांना सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने चालावं लागतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे हळू माणूस मागे एकटा पडतो. हलत्या मुक्कामात पुढे एक आणि सगळ्यात मागे एक स्वीप, म्हणजे कोणी मागे सुटू नये म्हणून शेवटी चालणारा माणूस, हवाच, त्यावर तडजोड नको. स्वीप कोण असणार, त्याच्याकडे प्रथमोपचार आहे का, आणि तो स्थानिक आहे का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. तीर्थन खोऱ्यात स्थानिक माणूस घेण्यामागे आणखी एक कारण आहे. 1999 साली उद्यानाची अधिकृत घोषणा झाली तेव्हा कडेच्या गावांचे आतल्या चराईचे आणि जडीबुटी गोळा करायचे हक्क गेले. ज्या वाटांवर त्यांचे आजोबा मेंढ्या नेत होते त्याच वाटा ही मुलं आज आपल्याला दाखवतात. ते त्यांचं पोट आहे आणि वाटेची त्यांची जाणही पुस्तकी नाही.

मग मुक्काम हलवणारा ट्रेक साठीनंतर करूच नये का? करावा. ज्यांनी आधी एका मुक्कामाची भटकंती केली आहे, सलग तीन दिवस पाच-पाच तास चालून चौथ्या दिवशी उत्साह टिकला आहे आणि जमिनीवर झोपायची सवय आहे, त्यांनी जरूर करावा. पासष्टीचा तयारीचा माणूस पंचेचाळिशीच्या बिनतयारीच्या माणसापेक्षा बरा चालतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने मात्र एका मुक्कामाने सुरुवात करावी, आणि ती कमी दर्जाची सहल आहे असं मनातही आणू नये. नवरा-बायकोपैकी एकाला चालायची आवड आणि दुसऱ्याला नाही, अशा जोडप्यांना तर हाच प्रकार योग्य.

तयारीत आपल्या सपाट शहराची एक अडचण आहे: फुटाळ्याभोवती कितीही फिरलं तरी उताराचा सराव होत नाही. चढाने दम लागतो, पण गुडघे आणि मांड्या दुखतात त्या उताराने, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात. त्यांना त्याची सवय करावी लागते. म्हणून लिफ्टने वर जाऊन जिन्याने उतरायचा सराव सुरू करा, मग दोन्ही बाजूंनी जिना. दर आठवड्याला नाही जमलं तरी महिन्यातून दोनदा रामटेकला जाऊन गडाच्या पायऱ्या चढा आणि मुख्य म्हणजे पाठीवर पाणी घेऊन सावकाश उतरा. दोन काठ्या वापरायची सवय इथेच लावा, तिथे जाऊन नाही. नवे बूट इथेच झिजवा.

वेळेचंही गणित नागपूरच्या हवेप्रमाणे मांडावं लागतं. तीर्थनला जाण्याचे चांगले हंगाम दोन, एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. मे महिन्याची सहल ठरवली तर शेवटचा सराव एप्रिलच्या उन्हात येतो, आणि आपल्याकडे तेव्हा सकाळी आठनंतर बाहेर राहणं ज्येष्ठांच्या प्रकृतीला बरं नाही. ऑक्टोबर ठरवलात तर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे तीन महिने हाताशी असतात, हवा गार असते, रामटेकच्या पायऱ्या ओल्या असल्या तर पाऊल जपून टाकायची सवयही होते. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जायचं असेल तर जानेवारीपासून लागा. तेव्हा जालोडीचा रस्ता बर्फातून मोकळा झाला आहे का, हे निघायच्या आधी होमस्टेवाल्याला फोन करून विचारून घ्या.