जुन्या रिक्षाचा भाव आणि ‘परमिटसह’ हा शब्द

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ इथे कोणी जुनी रिक्षा विकायला काढली की पहिला प्रश्न इंजिनाचा येत नाही. ‘परमिटसह, की नुसती गाडी?’ एवढंच विचारतात. भावावरून होणाऱ्या बहुतेक भांडणांचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून आधी तो शब्द सोडवून घेतला पाहिजे.

परमिट म्हणजे गाडी भाड्याने चालवायची परवानगी, लायसन म्हणजे चालवणाऱ्याची. सरकारी मराठीत परमिटला ‘परवाना’ म्हणतात आणि लायसनला ‘अनुज्ञप्ती’. लोकांच्या बोलण्यात मात्र परवाना म्हणजे लायसन. त्यात रिक्षावाल्याला मिळणारा बिल्ला, म्हणजे बॅज, वेगळा. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव चढलं की सगळं आपलं झालं, असं समजून पैसे मोजणारे आजही भेटतात. आरसीवरचं नाव बदललं की मालकी बदलते ती गाडीची, परमिट आपोआप मागोमाग येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ८२ वं कलम सांगतं, की ज्या प्राधिकरणाने परमिट दिलं त्याच्या परवानगीवाचून ते दुसऱ्याच्या नावे होत नाही. परमिटधारक वारला तर गाडीचा ताबा घेणारा वारस तीन महिने ते वापरू शकतो, पण तीस दिवसांत कळवावं लागतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत परमिट हा विकायचा माल नाहीच. व्यवहारात मात्र गाडी आणि परमिट यांचा एकच आकडा ठरत आला. परमिट पाच वर्षांचं असतं, त्यामुळे चार वर्षं शिल्लक असलेलं आणि चार महिने शिल्लक असलेलं यांतही फरक धरला जाई. जुना मालक परमिट स्वतःकडे ठेवून त्यावर नवी गाडी चढवणार असेल, तर हाती उरते ती ‘नुसती गाडी’. एकाच सालच्या, एकाच रंगाच्या दोन रिक्षांच्या भावात जमीन-अस्मानाचं अंतर पडायचं ते यामुळे.

ही टंचाई आली कुठून? १९९७ मध्ये मुंबई महानगर आणि राज्यातल्या काही मोठ्या शहरांत नवी परमिटं देणं थांबलं. पनवेल-उरणपर्यंत त्याची थेट झळ होती. खाली दक्षिणेकडे कागदापेक्षा थांब्यावरच्या जागेला किंमत होती, पण मुंबईत परमिटचा काय भाव चाललाय ते इथल्या प्रत्येकाला घरातल्या चाकरमान्याकडून कळत असे आणि इथला भावही त्या कानाने ऐकून ठरे. २०१७ मध्ये राज्याने संख्येची मर्यादा उठवली. कामाला लागू पाहणाऱ्या पोरांसाठी तो निर्णय बरोबरच होता. पण ज्याने त्याच्या दोनच वर्षं आधी दागिने गहाण ठेवून ‘परमिटसह’ गाडी घेतली होती, त्याच्या हातातली निम्मी किंमत एका कागदाने विरघळली आणि त्याच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. पेन्शन नसलेल्या माणसाची ती म्हातारपणाची पुंजी होती. मुदत देऊन, टप्प्याटप्प्याने हे करता आलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात पुरे. तीनचाकी आपल्याकडे साठच्या दशकात बनू लागली, पण कोकणात तिला खरी मागणी आणली रेल्वेने. जानेवारी १९९८ मध्ये रोहा ते मंगळूर मार्ग पूर्ण सुरू झाला आणि रत्नागिरी, सावंतवाडी अशी स्टेशनं गावापासून लांब पडल्यामुळे उतरलेल्या माणसाला रिक्षाशिवाय गत्यंतर राहिलं नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा ठरला होताच. मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे फिरवून आणणाऱ्या रिक्षा वाढल्या. तेव्हापासून दिवाळीआधी भाव चढा आणि पावसाच्या तोंडावर पडेल, हे चक्र बसलं.

पत्र्याचं गणित मात्र फक्त किनाऱ्याचं. खारं वारं तळ खातं. जाणता गिऱ्हाईक मीटर बघत नाही. रबरी मॅट उचलून अंगठ्याने पत्रा दाबतो, मडगार्डच्या आतून हात फिरवतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर आणखी एक तपासणी वाढली: मागच्या सीटखाली, वायरिंगच्या जाळीत सुकलेला गाळ आहे का. चिपळूणच्या गाडीला तेव्हापासून दोन प्रश्न जास्त विचारले जातात, मग ती त्या दिवशी वरच्या पाखाडीला सुरक्षित उभी का असेना.

इंधनाने उरलेला गोंधळ घातला. मुंबईत सीएनजी आला तेव्हा तिथल्या पेट्रोलच्या जुन्या गाड्या गावाकडे उतरल्या. गणपतीला स्वतःची रिक्षा चालवत येणारा चाकरमानी कधी ती इथेच विकून रेल्वेने परत जाई. अशी गाडी स्वस्त पडे, पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), इथला नंबर आणि इथलं परमिट मिळवता मिळवता स्वस्ताई संपत असे. घाटासाठी लोकांनी डिझेल पत्करलं. एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ हा कडक निकष आला, नव्या गाड्या महागल्या आणि चांगलं पासिंग असलेल्या जुन्या डिझेल गाड्या विकायला कोणी तयार होईना. आता विजेच्या तीनचाकीला २०१८ च्या केंद्राच्या सवलतीमुळे परमिटच लागत नाही. तिच्यापुढे ‘परमिटसह की नुसती’ हा प्रश्न गळून पडतो. विचारलं जातं ते एकच, बॅटरी किती उरलीय, आणि ते अंगठ्याने दाबून कळत नाही.